अमावास्येचं अंडं : पक्ष्यांच्या बेटावरची प्रेम-रहस्यकथा कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेखिका गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या. त्यांच्या कादंबरीची नायिका त्याच भागातली, पक्ष्यांची अभ्यासक. ती कोकणाजवळच्या एका निर्जन बेटावर समुद्रपक्ष्यांच्या वसाहतीचा अभ्यास करायला जाते. तिच्याआधी आलेला संशोधक नाहीसा झालेला आहे, आणि दीपगृहावरच्या तरुणावर तिचा जीव जडतो. चार प्रकरणं लिहून झाली आणि गाडी अडली. लेखिकेने समुद्र पाहिलेला नाही. प्रेम आणि रहस्य एकत्र कसं बसवायचं, बेट खरं कसं वाटेल आणि धागेदोरे कुठे पेरायचे, असं त्या विचारतात.

गाडी का अडली ते तुम्ही पाठवलेल्या आराखड्यातच दिसतं. तुमच्या बेटावर पक्षी आहेत, पण त्यांना काम नाही. ते उडतात, ओरडतात, संध्याकाळी सुंदर दिसतात. ते सगळे काढून तिथे गोंदियाचा एखादा वाडा ठेवला, तरी माणूस तसाच नाहीसा होईल आणि नायिका तशीच प्रेमात पडेल. पक्ष्यांचं बेट घेतलं की गुन्ह्याची वेळ, खोटं उघडं पडणं आणि दोघांमधला दुरावा या तिन्ही गोष्टी पक्ष्यांच्या आणि पाण्याच्या वेळापत्रकातूनच निघाल्या पाहिजेत. त्यासाठी आधी ते वेळापत्रक हातात हवं. ते बरंचसं तुमच्या घरच्या पंचांगातच आहे.

आधी बेट ठरवा. आपल्याकडे खऱ्या अर्थाने समुद्रपक्ष्यांची म्हणावीत अशी बेटं फार नाहीत. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ पिट्टी नावाचं बेट आहे, १९९५ पासून पक्षी अभयारण्य. सुमारे सव्वा हेक्टर, म्हणजे तीनेक एकरांचं एक वावर. झाड नाही, गोडं पाणी नाही. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसतं. तिथे माणूस राहू शकत नाही आणि काही लपवताही येत नाही, म्हणून रहस्यकथेला ते निरुपयोगी. दुसरं ठिकाण सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोरची वेंगुर्ला रॉक्स, ज्यांना बर्न्ट आयलंड्सही म्हणतात. खडकाळ बेटं, त्यांवर दीपगृह, समुद्राने पोखरलेली गुहा, पावसाळ्याच्या सुमारास वीण करणारे ब्रायडल्ड टर्न म्हणजे सुरय कुळातले पक्षी, आणि गुहेत भारतीय पाकोळ्या (स्विफ्टलेट) या छोट्या पक्ष्यांची वसाहत. तुम्हाला लागणारं सगळं इथे आहे. तरीही खरं नाव वापरू नका. या खडकांवरून घडवलेलं एक काल्पनिक बेट घ्या, त्याला मालवणी कानाला पटेल असं नाव द्या. म्हणजे गुहेचं तोंड कुठे आणि दीपगृहाच्या पायऱ्या किती, हे तुमच्या हातात राहतं. पक्षी, भरती आणि पाऊस मात्र तुमच्या हातात नाहीत. ते जसे आहेत तसेच घ्यावे लागतील.

इथेच तुमच्या मसुद्यातली मोठी चूक सांगतो. एका प्रकरणात रात्री बिळांतून किंकाळ्या मारणारे पक्षी आहेत. ते वर्णन खऱ्या पक्ष्याचं आहे, पण तो पक्षी मँक्स शिअरवॉटर. तो ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या स्कोमर, स्कोखोम अशा बेटांवर बिळात अंडं घालतो आणि शिकारी कुरवांच्या (गल पक्ष्यांच्या) भीतीने फक्त रात्री, तीही शक्यतो चांदणं नसताना, जमिनीवर येतो. त्याचा आवाज इतका भेसूर की स्कॉटलंडमधल्या रम बेटावरच्या एका डोंगराचं नावच राक्षसांवरून पडलं आहे. कोकणच्या खडकावर हे पक्षी बिळं करत नाहीत. तसेच पफिन आणि अल्बट्रॉसही काढून टाका. जाणकार वाचक इथेच पुस्तक मिटतो. कोकणची रात्र वेगळ्या आवाजाची असते. खडकाच्या फटींत लाट शिरून बाहेर पडताना होणारा हवेचा हुंकार, सुरयांचं झोपेतलं चिरकणं, आणि गुहेत पाकोळ्यांची टकटक.

ही टकटक समजून घ्या, तिच्यात अर्धी कथा आहे. या पाकोळ्या मिट्ट काळोखात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पाकोळीचा येतो. कोणी दातांनी सुपारी फोडत बसावं तसा. घरटं त्या आपल्या लाळेने बांधतात. भारतीय पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर काड्या-पिसंही असतात. या कुळातल्या पक्ष्यांच्या घरट्यांचं सूप चीनमध्ये आणि पूर्व आशियात फार महाग विकलं जातं, म्हणून घरट्यांची चोरी आणि तस्करी होते. कोकणातही झालेली आहे. तुमच्या आराखड्यात खुनाचं कारण ‘जुनं वैर’ असं मोघम लिहिलंय. ते खोडा आणि इथे घरटी ठेवा. कारण बेटाचंच असलं की बाहेरून काही आणावं लागत नाही. चोरीच्या खुणाही ठरलेल्या असतात. भिंतीवर पात्याने खरवडल्याच्या ओल्या रेषा, बांबूची शिडी टेकल्याचे दोन खड्डे, खाली फुटलेली छोटी पांढरी अंडी आणि विष्ठेच्या मऊ थरात पावलांचे ठसे. हा थर निसरडा असतो, त्याच्या उग्र वासाने डोळ्यांत पाणी येतं. नायिका गुहेतून बाहेर आली की तिच्या कपड्यांना दोन दिवस तो वास असणार. तसाच वास दुसऱ्या कोणाच्या शर्टाला आला तर वाचकाला आणखी सांगायची गरज नाही.

आता भरती-ओहोटी. आपल्याकडे इटियाडोह धरणाचं पाणी उतरतं ते दिवाळीपासून जूनपर्यंत, हळूहळू. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर बसून पाणी हलताना दिसत नाही. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. एका भरतीपासून पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि रोजची वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. कोकणातला माणूस घड्याळ न बघता भरती सांगतो, कारण त्याच्याकडे तिथीचा हिशोब असतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पूर्ण भरती, त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, एकादशीला सव्वाआठला. हा हिशोब ढोबळ आहे आणि मुंबईच्या बाजूचा आहे. दक्षिण कोकणात भरती थोडी आधी येते. म्हणून कथेत मिनिटं लिहू नका, ‘सूर्य उगवायच्या सुमारास’ असं लिहा.

याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. आता माणसाला शिरता येईल असं गुहेचं तोंड इतक्या खाली ठेवा की ते फक्त उधाणाच्या ओहोटीला उघडं पडेल; पाकोळ्यांना ये-जा करायला वर एक कपार मोकळी राहू द्या. वरच्या हिशोबाने अमावास्या-पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, ओहोटी पाच-सहाच्या दरम्यान, पहाटे आणि संध्याकाळी. मे महिन्यात संध्याकाळी सहाला लख्ख उजेड असतो, म्हणजे चोराला पहाटच सोयीची. पौर्णिमेच्या पहाटे चंद्र पश्चिमेला असतो, बेट दुधासारखं दिसतं. म्हणजे उरली अमावास्येची पहाट. गुहेत शिरायला महिन्यातून एकदाच, दोन-तीन दिवस, दीड-दोन तासांची फट. गुन्हा कधी झाला हे तुम्ही ठरवलंच नाही, समुद्राने ठरवलं.

मी तुम्हाला साल सुचवतो, १९९९. त्या वर्षी १५ मे रोजी अमावास्या होती. पुढची १३ जूनला. १६ मे ते १३ जून हा अधिक ज्येष्ठ, आपला धोंड्याचा महिना. १९९९ घेतल्यावर बेटावर मोबाइलचा प्रश्न येत नाही, दीपगृहावर माणसं राहतात हेही पटतं. आज बरीच दीपगृहं आपोआप चालतात, तिथे कायम माणूस दाखवणं अवघड जाईल. घरच्या पत्रात आई लिहू शकते की धोंड्याचा महिना आहे, स्थळाचं नंतर पाहू. लेक जिथे आहे तिथे काय उभं राहतंय हे त्या माऊलीला ठाऊक नाही, आणि त्या साध्या वाक्याने नायिकेला महिनाभराची मोकळीक मिळते.

साल आणि महिना बसला की अंडं येतं. ब्रायडल्ड टर्न एका वेळी एकच अंडं घालतो, उघड्यावर कमी आणि दगडाच्या आडोशाला, कपारीत जास्त. ते उबवायला साधारण २९ ते ३० दिवस लागतात. चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. म्हणजे अमावास्येच्या तोंडावर घातलेलं अंडं पुढच्या अमावास्येच्या तोंडावर फुटणार. पिल्लू बाहेर येतं आणि त्याच सुमारास गुहेचं तोंडही उघडतं. हा योग तुम्हाला रचावा लागत नाही, निसर्गातच आहे. तुमच्या कादंबरीचा कणा हाच करा.

तो असा वापरता येईल. नाहीशा झालेल्या संशोधकाची वही नायिकेच्या हाती लागते. शेवटच्या पानावर तारीख नाही, कारण ओलीने वरचा कोपरा गळून गेलाय. नोंद एवढीच : ‘घरटं १४, आज अंडं. खूण केली.’ क्षेत्र-अभ्यासात अंड्यावर शिसपेन्सिलीने बारीक क्रमांक टाकतात, तसा त्याने टाकलाय. दीपगृहाच्या नोंदवहीत लिहिलंय की तो ५ मे रोजी होडीने परत गेला. तसं सगळेच सांगतात. नायिका मेअखेर येते, चौदा नंबरचं घरटं शोधते, तिला पेन्सिलीचा आकडा असलेलं अंडं सापडतं, आणि ती ते रोज पाहत राहते. १२ जूनला पिल्लू बाहेर येतं. ती बोटांवर २९ दिवस मागे जाते. १४ मे. ज्या माणसाला ५ तारखेला निरोप दिला म्हणतात, तो १४ तारखेला या दगडापाशी वाकून अंड्यावर आकडा घालत होता. एक-दोन दिवस इकडचे तिकडे झाले तरी नऊ दिवसांची दरी बुजत नाही.

चोखंदळ वाचक इथे एक शंका काढेल. पहिलं अंडं फुटलं असेल आणि जोडीने दुसरं घातलं असेल तर? असं खरंच होतं. म्हणून पेन्सिलीची खूण हवीच, आणि पिल्लू निघाल्यावर आकडा असलेला कवचाचा तुकडा नायिकेच्या तळहातावर दिसायला हवा. मात्र खूण आधीच्या तीन-चार दृश्यांत सहज येऊन गेलेली असू द्या. आयत्या वेळी काढलेला पुरावा वाचक मान्य करत नाही.

आता माणसाचं काय झालं. डोक्यात दगड घालणं सोडून द्या. १६ मेच्या पहाटे तो गुहेतल्या चोरांच्या मागे आत गेला आणि वरच्या कपारीतला दोर कोणीतरी ओढून घेतला. पुढचं पाण्याने केलं. दोर ओढणाऱ्याला मारायचं होतं की फक्त अडकवायचं होतं, हा प्रश्न शेवटपर्यंत जिवंत राहतो. ज्याने कधी भरती पाहिली नाही अशा वाचकालाही ही भीती कळावी म्हणून तुमची नायिका उपयोगाची आहे. ती आधी एकदा तलावाच्या सवयीने शिधा पाण्यापासून दोन हातांवर ठेवते आणि तासाभरात तो तरंगताना पाहते. हे दृश्य तिसऱ्या प्रकरणात ठेवा, म्हणजे गुहेबद्दल वेगळं समजावावं लागणार नाही.

तुम्ही समुद्र पाहिला नाही ही अडचण समजू नका. समुद्र पाहिल्याचं सोंग आणलं तर मात्र अडचण होईल. नायिकेला झाडीपट्टीचीच, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचीच ठेवा आणि जग तिच्या डोळ्यांनीच दाखवा. आपल्याकडे मे महिन्यात ओला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा होतो. तिथे दोन दिवस ओलसरच राहतो. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी ओढता ओढत नाही, पत्र्याच्या पेटीची कडी महिन्याभरात तांबडी होते. वाऱ्याचंही तसंच. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, म्हणून गुहेतली हाक पहाटे किनाऱ्याच्या बाजूला ऐकू जाणं कठीण. हेही वापरा.

पक्ष्यांची वागणूक मात्र कल्पनेने लिहू नका, कारण ती पाहायला तुम्हाला कोकणात जावं लागत नाही. नदी सुरय आपल्या वैनगंगेवर आहे. फेब्रुवारी ते मे वाळूच्या पट्ट्यांवर आणि पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांवर तो घरटी करतो. वाळूत नुसता खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची दोन-तीन अंडी. आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्या, किमान शंभर मीटर लांब बसा, आणि सलग तीन सकाळी सहा ते नऊ नोंदी करा : वेळ, वारा कुठून, किती पक्षी बसलेले, किती उडालेले, कशामुळे. ढिवरांचा म्हणजे मासेमारांचा डोंगा जवळून गेला तर काय होतं, कुत्रा आला तर काय, घार आली तर काय, हे वेगवेगळं लिहा. माणूस वसाहतीत शिरला तर पक्षी डोक्यावर सूर मारतात, चोचही मारतात. डोंगा सरळ पुढे गेला तर बहुतेक हलत नाहीत. वसाहतीत पाय ठेवू नका. उन्हात अंडं उघडं पडलं की आतला जीव शिजतो. हीच गोष्ट कथेतही येऊ शकते. बेटाच्या एका कोपऱ्यातली ओळीने पाच-सहा अंडी मेलेली निघतात, बाकीची ठीक. म्हणजे त्या कोपऱ्यात कोणीतरी भर दुपारी बराच वेळ थांबलं होतं.

सुरयांची आणखी एक सवय रहस्यकथेसाठी सोन्यासारखी आहे. कधीकधी सबंध वसाहत एकदम गप्प होते आणि सगळे पक्षी एकाच लोटाने समुद्राकडे निघतात. काही क्षणांत कलकलाट करत परत येतात. बऱ्याचदा शिकारी नसतो, माणूस नसतो, कारण काहीच दिसत नाही. फसवा धागा म्हणून याहून चांगलं काही मिळणार नाही, कारण ही फसवणूक लेखकाची वाटत नाही. नायिका दोनदा त्या शांततेमागे धावते, दोन्ही वेळा तिथे कोणी नसतं. तिसऱ्यांदा ती धावत नाही, आणि तेव्हाच कोणीतरी असतं.

पायातल्या कड्यांचाही विचार करा. अभ्यासक पक्ष्याच्या पायात हलक्या धातूचं कडं घालतात, त्यावर क्रमांक आणि कळवायचा पत्ता असतो. त्यावरून तोच पक्षी कित्येक वर्षांनीही ओळखता येतो. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर १९५६ साली कडं घातलेली एक अल्बट्रॉस मादी २०२४ मध्येही अंडं घालताना दिसली. १९५२ साली स्कोखोमहून अमेरिकेतल्या बोस्टनला नेऊन सोडलेला शिअरवॉटर साडेबारा दिवसांत आपल्या बिळात परतला, त्याला सोडल्याचं कळवणाऱ्या पत्राच्या आधी. परतण्याची ही ओढ तुमच्या प्रेमकथेत कामाला येईल. फक्त ‘हे पक्षी जन्मभर एकाच जोडीदाराचे असतात’ असं वाक्य नायकाच्या तोंडी घालू नका. सारसांबद्दल आपल्याकडे ती श्रद्धा पक्की आहे, पण समुद्रपक्ष्यांच्या जोड्या तुटतातही. बऱ्याचदा दोघंही त्याच दगडापाशी परत येतात म्हणून पुन्हा एकत्र दिसतात. आधी ठिकाणाची ओढ, मग एकमेकांची. नायिका हे जाणते. म्हणून नायकाची बदली होऊ घातल्यावर तिची घालमेल साध्या विरहापेक्षा खोल जाते.

प्रेमाबद्दल माझं मत ठाम आहे. प्रेम आणि रहस्य दोन रुळांवर चालवू नका. नायक हाच पहिला संशयित हवा, आणि त्याने खरंच काहीतरी लपवलेलं हवं. पण त्याने लपवलेलं आणि घडलेला गुन्हा एक नसावा. दीपगृहाच्या नोंदवहीतली ५ मेची नोंद त्याच्या अक्षरात आहे. वरिष्ठाने सांगितलं, त्याने न पाहता लिहिलं. त्याने पेन उचलला एवढीच त्याची चूक, पण तो माणूस जिवंत असतानाच त्या नोंदीने कागदावरून गेला. पिल्लू ज्या दिवशी निघतं त्या दिवशी नायिकेला गुन्ह्याचा पुरावा मिळतो आणि प्रिय माणसाचं खोटंही कळतं, एकाच कवचाच्या तुकड्यातून. त्या प्रसंगाला निदान तीन हजार शब्द द्या. घाई करू नका, आणि तिला रडवू नका. तिला आधी पिल्लाचं वजन करू द्या.

दुसरी गाठ भाषेची, आणि ही मला सगळ्यांत प्रिय आहे. आपल्याकडे ‘गेलो’ म्हणजे ‘मी गेलो’. मालवणीत ‘तो गेलो’ म्हणतात, म्हणजे ‘तो गेला’. ‘पाऊस इलो’ म्हणजे ‘पाऊस आला’. आता नायिका दाराआडून नायकाला म्हणताना ऐकते, ‘राती थय गेलो.’ गोंदियाच्या कानाला तो कबुलीजबाब वाटतो : रात्री मीच तिथे गेलो होतो. खरं तर तो दुसऱ्या कोणाबद्दल सांगतोय. इथून दोघांमध्ये जो दुरावा येतो तो पंधरा प्रकरणं टिकू शकतो, कारण त्यात कोणाचाच मूर्खपणा नाही. पण प्रामाणिक राहायचं तर किल्ली वाचकाला आधीच द्यायला हवी. पहिल्या प्रकरणात होडीवाल्याने आभाळाकडे बघत ‘पाऊस इलो’ म्हणू द्या. पुढे स्वयंपाकी म्हणेल, ‘बापूस बाजारात गेलो.’ दोन्ही वेळा अर्थ संदर्भातून कळतो, व्याकरणाकडे कोणी बघत नाही. उलगडा होतो तेव्हा वाचक पानं मागे उलटतो. नायिकेच्या झाडीबोलीचीही गंमत उलट बाजूने ठेवा. ती डोळ्याला ‘डोरा’ म्हणाली की नायकाला दोरा ऐकू येतो, आणि प्रेमाची पहिली थट्टा तिथून सुरू होते.

माणसं किती? तीन असली तर गुन्हेगार पाचव्या पानावर ओळखू येतो. बेटावर पाच ठेवा : नायिका, नायक, त्याचा वरिष्ठ, स्वयंपाकी आणि शेवटच्या होडीने येऊन अडकलेला एक जण. पावसाळ्यात बेट आपोआप बंद होतं. आज पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळच्या तारखा वेगळ्या होत्या, पण नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालायची नाही हा रिवाज जुनाच. १९९९ ची नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या अखेरीस आली, कारण अधिक मास होता. म्हणजे सुमारे नव्वद दिवस कोंडलेले. हिशोब करून ठेवा. प्यायला आणि रांधायला माणशी रोज पाच लिटर धरलं तर पाच जणांना सव्वादोन हजार लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे बारा पिंप. तांदूळ माणशी साडेतीनशे ग्रॅम धरून दीडशे किलोंच्या वर. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर दोनशे लिटर पाणी मिळतं, फक्त पहिल्या सरीचं सोडून द्यायचं, कारण पत्र्यावर पक्ष्यांची विष्ठा असते. हे आकडे पानावर टाकू नका. पण एक पिंप रात्रीतून रिकामं झालेलं दिसलं की त्याचा अर्थ तुम्हाला ठाऊक असेल, आणि बेटावर सहावा माणूस असल्याची शंका तिथून काढता येईल.

पोलिसांना मधे आणू नका, ते येऊ शकत नाहीत हेच तुमचं बळ आहे. शेवटी जे येतील ते १९९९ च्या कायद्याने येतील : अकस्मात मृत्यूची नोंद, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली मरणोत्तर पंचनामा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासूनची आहे, ती इथे चालणार नाही.

लांबीचं सांगायचं तर चाळीस हजार शब्द ठीक आहेत. वही तीन हजार शब्दांच्या आत नायिकेच्या हाती द्या. ‘राती थय गेलो’ बारा हजारांच्या आसपास, म्हणजे तोवर दोघांच्या रात्रपाळ्या, एकाच बॅटरीवरची विजेरी, एकाच पातेल्यातला भात हे सगळं होऊन गेलेलं असेल आणि तुटायला काहीतरी असेल. पिल्लू चोवीस हजारांवर. १४ जूनच्या पहाटे ओहोटी असेल, गुहेचं तोंड उघडेल, पण आता पावसाळी लाटा आहेत. महिन्यापूर्वी आत जाता येत होतं, आता पंचांग हो म्हणतंय आणि समुद्र नाही म्हणतोय. ती जाते की नाही, आणि दोर कोणाच्या हातात देते, यावर प्रेमाचाही निकाल लागतो. खरे धागे सातपेक्षा जास्त नकोत, फसवे तीन पुरे. प्रत्येक खरा धागा दोनदा दिसावा, पहिल्या वेळी दुसऱ्याच कुठल्या कामात गुंतलेला.

लिहिलेल्या चारपैकी पहिली दोन प्रकरणं काढून टाका. नवेगावचं घर, आईचा विरोध, रेल्वेचा प्रवास, हे सगळं पुढे पत्रांतून येईल. कादंबरी होडी बेटावरून परत फिरते तिथून सुरू करा. नायिका खडकावर उभी, पायाशी बारावं पिंप, आणि होडीवाला वर बघून म्हणतोय की पाऊस इलो. त्याचं ते वाक्य आणि मालवणीतलं प्रत्येक वाक्य सिंधुदुर्गातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तुमचं सगळं रहस्य एका ओकारावर टांगलेलं आहे.